लंडनची जागा

मुख्य प्रधान गिल्क्रिस्ट बग्गीतून उतरून सरळ शेडमध्ये आले, तेव्हा ट्रेगिअर सफरचंदं निवडत होता. इतकी वर्षं दोघं सभागृहात समोरासमोर बसून भांडले होते. एकमेकांच्या घरी मात्र कधी गेले नव्हते.

"लव्हडे वारले," गिल्क्रिस्ट एका उलट्या पेटीवर बसत म्हणाले. "लंडनला, कचेरीतच. सकाळी तार आली."

लव्हडे म्हणजे या बेटाच्या सरकारचे लंडनमधले प्रतिनिधी. सरकारला कर्ज मिळवून देणं, आगबोटींचे करार, इथल्या फळांना तिथे गिऱ्हाईक शोधणं, सगळं त्यांच्या हातून व्हायचं.

"वाईट झालं," ट्रेगिअर म्हणाला. हातातलं फळ त्याने फिरवून बघितलं. "आणि एवढं सांगायला तुम्ही गावातून इथवर आलात?"

"त्यांच्या जागी तुम्ही जाल का, हे विचारायला आलो."

ट्रेगिअरची बायको हॅरिएट पलीकडे फळं कागदात गुंडाळत होती. तिचा हात थांबला. लग्न झालं त्याच महिन्यात ती इंग्लंडहून इकडे यायला बोटीत बसली होती, ती परत कधी गेली नाही. तिची आई तिकडे फालमथला होती, अजून होती, आणि हल्ली पत्रं शेजारणीकडून लिहून घेत होती.

"मीच का?" ट्रेगिअरने विचारलं.

"तिथल्या बँकवाल्यांशी भांडायला माणूस हवा. तुम्ही कसे भांडता ते मला कोणी सांगायला नको."

"लोणी लावू नका. रेल्वेचं बिल येतंय आणि तुम्हाला एक मत कमी पडतंय. मी बोटीत बसलो की तुमचा रस्ता मोकळा."

"तुमच्या जागी निवडणूक होईपर्यंत बिल पुढे ढकलतो. मग तर झालं?"

ट्रेगिअरने फळ खाली ठेवलं. मागायच्या आत देणारा माणूस त्याला फार धोक्याचा वाटे.

"म्हणजे निवडणुकीचंही ठरलंय. माझ्या पक्षातलं कोण फोडलंत? पास्को?"

"पास्कोशी मी बोललेलो नाही."

"अजून."

"लव्हडेबाईंजवळ कोण आहे हो आत्ता?" हॅरिएटने मध्येच विचारलं.

दोघांनीही तिच्याकडे बघितलं. गिल्क्रिस्ट जरा ओशाळले. "तारेत काही नव्हतं, बाई. आणि मलाही विचारायचं सुचलं नाही."

मग ते ट्रेगिअरकडे वळले. "कर्जाची बोलणी अर्धवट पडलीत. आज संध्याकाळी मला नाव कळवायचंय."

"दुसरं नाव शोधा. मला इथून हलवण्यात कोणाचं भलं आहे ते मला कळतं."

गिल्क्रिस्टनी टोपी घातली, हॅरिएटला 'येतो' म्हटलं आणि ते गेले.

"बघितलंस?" ट्रेगिअर म्हणाला. "घोडं कुठं पेंड खातंय ते लगेच कळलं."

"तुम्ही मला विचारलं नाहीत," हॅरिएट म्हणाली.

"विचारण्यासारखं काय होतं त्यात? सापळा होता तो."

तिने पुढचं फळ उचललं आणि कागदात गुंडाळलं.

ट्रेगिअर कुंपणापाशी जाऊन उभा राहिला. खाली तिठ्यावर उजवीकडचा रस्ता गावात जायचा. डावीकडचा चर्चवरून थेट पास्कोच्या मळ्याकडे. बग्गी डावीकडे वळली.

त्याने घोड्यावर खोगीर चढवलं.

बग्गी चर्चबाहेर उभी होती. गिल्क्रिस्ट थडग्यांमध्ये एकटेच उभे होते, टोपी हातात. पुढ्यात एक लहानसा दगड होता.

"लव्हडेंचा मुलगा," ट्रेगिअरला बघून ते म्हणाले. "गोवरानं गेला. लंडनला जाताना मला म्हणाले होते, वाटेवर आहे, कधीमधी बघत जा. आज पहिल्यांदा आलो."

ट्रेगिअर घोड्यावरून उतरला. त्याने चर्चच्या बंद दाराकडे पाहिलं, मग भिंतीपलीकडच्या झाडांकडे.

गिल्क्रिस्टनी त्याची नजर ओळखली. "पास्कोचं घोडं मागे बांधलेलं नाही, ट्रेगिअर."

"मी तसं कुठे म्हटलं?"

"म्हटलं नाहीत." गिल्क्रिस्ट त्याच्याकडे वळले. "मी तार अजून केलेली नाही. मघाशी तुमच्या बायकोचा चेहरा मी पाहिला. अजूनही हो म्हणा."

ट्रेगिअर दगडाकडे बघत राहिला. शेजारणीच्या अक्षरातली ती पत्रं त्याला आठवली. गेल्या खेपेच्या पत्रात म्हातारीने सगळं सोडून बोटीचं भाडं काय पडतं एवढंच विचारलं होतं. हो म्हणायला तोंड उघडलंही त्याने. पण हा माणूस एकाच दिवसात दोनदा विचारतोय, तेही न रागावता. का?

"आलोच," तो म्हणाला.

तो चर्चला वळसा घालून मागे गेला. मागे गवत माजलं होतं, भिंतीला एक मोडकी शिडी टेकून ठेवली होती. घोडं नव्हतं. तो भिंतीपर्यंत गेला, शिडीच्या पहिल्या पायरीवर चढून पलीकडेही डोकावला. मेंढ्या चरत होत्या, दुसरं काही नव्हतं. खाली उतरताना त्याने चिखलात खुरांच्या खुणा आहेत का तेही वाकून पाहिलं.

परत आला तेव्हा थडग्यापाशी कोणी नव्हतं. तो घाईने फाटकापर्यंत गेला. बग्गी सावकाश उतरणीला लागली होती, पास्कोच्या मळ्याकडे.

तो घरी पोचला तेव्हा हॅरिएट दारातच उभी होती. तिने हात धुतले होते, केस नीट केले होते.

"कुठे गेले हो ते?" तिने विचारलं.

"पास्कोकडे," ट्रेगिअर म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं?"