उजव्या हाताची भिंत

“टेप तुम्ही चुकीच्या बाजूला लावलीत आणि बाद पोरीला करताय? लाज कशी वाटत नाही तुम्हाला?”

सुनकेसरी गौचननं हेल्मेट टेबलावर आपटलं, तसा पंचांच्या पेल्यांतला चहा डुचमळला. टेबलामागे मुख्य पंच बसला होता. गळ्यात ओळखपत्र, मनगटाला जपमाळ. पलीकडच्याच गावचा माणूस. पण खुर्चीत बसल्यापासून कुणाला ओळख देत नव्हता.

“ओरडू नकोस, दिदी. टेपनं आखलेल्या वाटेबाहेर चाक गेलं की बाद. टेप मी स्वतः लावलीय, या हातांनी. काल कागबेनीपासून खुंट्या ठोकत ठोकत वर चढलो, तोंडात धूळ घेत. आता तू मला बाजू शिकवणार?”

तंबूच्या दाराशी छिमी डोल्कर सायकलला टेकून उभी होती. भुवयांपर्यंत धुळीनं पांढरी झालेली. मुक्तिनाथवरून खाली कागबेनीकडे सुटलेल्या पोरींत ती दुसरी आली होती. पहिल्या तिघींना काठमांडूच्या सराव शिबिरात जागा मिळणार होती. आणि आता ती कुठेच नव्हती.

हंगामातली ही शेवटची शर्यत. पहिल्या शर्यतीत छिमी उतारावर सायकलवरून उडून काट्यात पडली. पोखऱ्याच्या चिखलात तिनं सायकल खांद्यावर घेतली आणि उतार पायी उतरला. तिसऱ्या वेळी तर अर्ध्यातून परतली. चढावर तिच्यापुढे कुणी टिकत नसे. पण उतार दिसला की तिची सगळी बोटं ब्रेकवर आवळली जात.

सुनकेसरी काही शाळेत शिकलेली प्रशिक्षक नव्हती. ती जोमसोमला भट्टी, म्हणजे वाटसरूंची खानावळ, चालवायची. चाळिशी उलटल्यावर हौस म्हणून शर्यतीत उतरू लागली होती, आणि जेवणाची गर्दी ओसरली की छिमीला घेऊन डोंगरावर जायची. “ब्रेकवर एकच बोट! चाकाकडे काय बघतेस, पळून जाणारंय का ते? जायचंय तिकडे बघ!” हे ती इतक्यांदा ओरडली होती, की भट्टीतली गिऱ्हाइकं तिला चिडवायची, “दिदी, डाळ वाढतानाही एकच बोट का?”

आज उताराच्या मध्यावर, मंत्र कोरलेल्या दगडांची ती लांब मणीभिंत आली. तिथं वाटेला दोन फाटे फुटतात. त्या डोंगरातलं शेंबडं पोरसुद्धा मणीभिंत उजव्या हाताला ठेवूनच जातं. जातानाही उजव्या, परततानाही उजव्या. म्हणून चढायची वाट भिंतीच्या एका अंगानं आणि उतरायची दुसऱ्या. टेप मात्र उजव्या फाट्याला वळली होती. तिकडून उतरलं की भिंत डाव्या हाताला पडणार. सगळ्यांच्या पुढे असलेली जर्मन पाहुणी टेपमधून सरळ निघून गेली. छिमी डावीकडे वळली. त्या बाजूचा उतार उभा, दगडधोंड्यांचा. तिथं वेळ वाचत नाही, दात पडतात.

“मी पण त्याच बाजूनं आले,” सुनकेसरी म्हणाली. “मला का नाही बाद केलंत?”

“तू हौशी गटातली, नववी. तुला काढून कुणाचं काय भलं होणार?” बाकीचे पंच खो खो हसले. मग मुख्य पंच पुढे झुकला, आवाज उतरवून म्हणाला, “हे बघ, मीही काही दगड नाही. पोरीनं सगळ्यांसमोर म्हणावं, मी घाबरले, वाट चुकले. थोडा वेळेचा दंड लावतो. दुसरी होती, तिसरी होईल. शिबिराची जागा राहील. झालं?”

एवढंसं खोटं, आणि पोरगी काठमांडूला. सुनकेसरीनं छिमीकडे बघितलं. म्हणून टाक बाई, हे तिच्या अगदी ओठावर आलं होतं.

“नाही म्हणणार,” छिमी म्हणाली.

“अगं, पण...”

“वर्षभर घाबरले, तेव्हा घाबरले म्हणाले, दिदी. काही लपवलं नाही.” तिनं हात वर केला. एकच बोट. “आज सगळा उतार एवढ्यावर आले. भिंत आली, उजव्या हाताला घेतली, बस्स. तिथंही दुसरं बोट लावलं नाही.”

सुनकेसरीच्या छातीवरचा धोंडा तिथल्या तिथं उतरला. शिबिर मिळो न मिळो, पोरगी उतार उतरली होती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिला पोटभर श्वास घेता आला. राग कुठल्या कुठे गेला, डोकं निवलं. आणि निवलेल्या डोक्यात पंचाचं मघाचं बोलणं पुन्हा उमटलं. खुंट्या ठोकत ठोकत वर चढलो. वर! आणि शर्यत तर खाली येते.

ती एकदम हसायलाच लागली.

“हसतेस काय?” पंच तडकला.

सुनकेसरीनं खुर्ची ओढली आणि त्याच्या पुढ्यात ऐसपैस बसली. डोळ्यांतलं पाणी पुसलं.

“दाइ, थोरल्या भावासारखे तुम्ही, देवाधर्माचा माणूस. मणीभिंतीपाशी तुमचा पाय उलटा पडायचा नाही, ते मला ठाऊक आहे. पोरीनं सांगितलं, आता तुम्ही सांगा. सगळ्यांसमोर सांगा. काल टेप लावत वर चढताना भिंत तुमच्या कुठल्या हाताला होती?”