केसाएवढा उजेड

निकाळजे सरांनी लोखंडी ठोकळ्याला काटकोन तपासायचा गुण्या लावून तो ट्यूबलाइटसमोर धरला. फटीतून उजेड दिसला, म्हणजे बाजू वाकडीच. "घास पुन्हा," ते कांचनला म्हणाले.

अप्रेंटिस म्हणून लागल्यापासून कांचन नुसती कानस चालवत होती. खांदे इतके भरून यायचे की सकाळी वेणीसुद्धा आईच घालायची. मशीनला मात्र अजून हात लागला नव्हता.

सुट्टीच्या भोंग्याआधी सरांनी घाईघाईत गुण्या लावला. "जमलं गं! उद्या लेथ मशीनवर ये."

ती हरखली. ठोकळा पुसताना तिनेही सहज गुण्या लावून पाहिला. केसाएवढा उजेड होताच.

सर डबा आवरत होते. बाकी कुणाचं लक्ष नव्हतं. 'मेलं, कशाला बघितलं मी!' ती मनात चरफडली. मग ठोकळा पुन्हा वाइसमध्ये आवळून कानस उचलत म्हणाली, "सर, लेथ परवा."