जागच्या जागी

कपाटाच्या तिसऱ्या फळीवर एका पुस्तकाएवढी फट पडली होती आणि एक काका त्या फटीत हात घालून उभे होते.

मेघनाने ट्रॉली थांबवली. विद्यापीठाच्या या लायब्ररीत ती वर्षभरासाठी ट्रेनी होती आणि वर्ष संपत आलं होतं. कुठलं पुस्तक कुठे आहे, हे तिला आता कोणाला विचारावं लागत नसे.

"काय शोधताय काका?"

"इथलं पुस्तक."

"नाव सांगा, काढून देते."

"काढून कशाला? ते इथेच असतं. ह्या दोघांच्या मधे."

मेघनाला आठवलं. गिरणगावातल्या खानावळींवरचं पुस्तक, बारीकसं, करड्या कापडी बांधणीचं. सकाळी तिनेच काढलं होतं. बरीच वर्षं कोणी घरी नेलेलं नाही, कोणी इथे बसून वाचल्याची नोंदही नाही; असं पुस्तक बाद होतं. नियम साधा होता आणि तिने तो बरोबर लावला होता.

"ते बाद झालं, काका. कोणी वाचत नाही ना."

"मी वाचतो की."

"कधी?"

"रोज. नायगावहून बस पकडतो. त्या खिडकीपाशी बसतो."

खिडकीपाशी तिने त्यांना पाहिलं होतं, हे खरं. "पण टेबलांवरची पुस्तकं रोज संध्याकाळी मीच उचलते. आधी नोंद करते, मग लावते. हे एकदाही टेबलावर मिळालं नाही."

"कसं मिळेल? माझं मी लावून जातो. जागच्या जागी. तुला कशाला त्रास?"

दोघांच्या डोक्यावर भिंतीला पाटी होती: वाचून झालेली पुस्तके टेबलावरच ठेवावीत. मेघनाने वर पाहिलं, तसं काकांनीही पाहिलं.

"ती पाटी जागा ठाऊक नसणाऱ्यांसाठी ना गो?"

मेघनाने ट्रॉली बाजूला सारली. "घरी आहे का दुसरी प्रत?"

"होती. चाळ पाडायला घेतली तेव्हा सामान डिलाईल रोडला भावाकडे नेलं, त्या गडबडीत गेली. आता ही एकच."

"बसा तुम्ही. आणते."

मागच्या दाराला रद्दीचा टेम्पो लागला होता. सुतळीने बांधलेले गठ्ठे वर चढत होते. कालिंदी मॅडम, म्हणजे तिच्या वरिष्ठ, शेजारी उभ्या राहून बघत होत्या.

"मॅडम, एक पुस्तक परत घ्यायचंय."

"आता दया आली का ट्रेनीबाईंना? कारण सांग."

"रोज वाचलं जातंय."

"नोंद कुठेय?"

नोंद नव्हती. मेघनाने खालचा गठ्ठा ओढला, सकाळी स्वतःच मारलेली गाठ सोडली आणि करडं पुस्तक काढलं. त्याच फळीच्या टोकाचं आणखी एक पुस्तक त्या गठ्ठ्यात होतं, तेही काढलं. दोन्हींच्या वरच्या कडेवरून एकेक बोट फिरवून तिने हात पुढे केला. एक बोट काळं झालं होतं, करड्या पुस्तकावरचं स्वच्छ होतं.

"दोन्ही एकाच फळीवरची. ह्याला हात लागतोय, मॅडम."

"किंवा एकावर फडकं लागलं आणि दुसरं राहिलं."

"फडकं मीच मारते. त्या फळीवर महिनाभर मारलेलं नाहीये."

टेम्पोवाला हसला. "काय ते लवकर ठरवा ना मॅडम, गाडी नो पार्किंगमध्ये आहे."

"पुढच्या आठवड्यात तुझा रिपोर्ट लिहायचाय मला," कालिंदी मॅडम म्हणाल्या. "तुला इथे कायम ठेवायचं की नाही, ते त्यावर ठरणार. माहितीय ना?"

"लिहा ना. फळी पुसली नव्हती ते लिहा. पुस्तक वाचलं जातं तेही लिहा."

मॅडमनी करडं पुस्तक उघडून पाहिलं. मग ते तिच्या हातात परत दिलं.

"बादचा शिक्का तू मारलायस, तर त्यावर रेघपण तूच मार. आणि खाली सही कर. पूर्ण नावाने."

काका खिडकीपाशी रिकाम्या टेबलासमोर बसले होते. मेघनाने पुस्तक त्यांच्यासमोर ठेवून पहिलं पान उघडलं. लेखिकेचं नाव होतं, मालन जयवंत परब. नावाखाली सकाळचा जांभळा शिक्का: बाद.

तिने पेन काढलं आणि थांबली.

"काका, तुमचं नाव काय?"

"जयवंत परब."

मेघनाने वरचं नाव पुन्हा एकदा वाचलं. वरच्या नावाला धक्का न लावता तिने शिक्क्यावर आडवी रेघ मारली आणि खाली सही केली.

"शिक्का जाणार नाही ना आता?" परबांनी विचारलं.

"नाही. पण रेघ त्याच्यावर आहे." तिने पेनाला टोपण लावलं. "फक्त एक करायचं, काका. आजपासून वाचून झालं की पुस्तक इथेच ठेवून जायचं. लावायचं नाही."

"असंच टाकून?"

"असंच टाकून. मी उचलीन. मी उचललं की नोंद होते, आणि नोंद झाली की कोणी बाद करत नाही."

"घरात असं कधी चाललं नाही," परब म्हणाले. "वाचलेला पेपर खुर्चीवर दिसला तरी बोलणी बसायची."

"इथे असंच लागतं."

परबांनी मान डोलावली आणि ते खूण नसतानाही नेमकं पान काढून वाचायला लागले.

संध्याकाळी घंटा झाली. ते उठले. पुस्तक टेबलावर ठेवलं आणि दारापर्यंत गेले. तिथे थांबले, आणि वळून परत आले.

काउंटरवरून मेघनाने मान हलवली. नाही.

परबांनी पुस्तक उचललं नाही. दोन्ही हातांनी ते टेबलाच्या कडेशी सरळ केलं, खुर्ची आत सारली आणि हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून बाहेर पडले.