कुंडीतली ओली माती

कुंडीतली माती आजही ओली होती.

तानीने बोट घालून पाहिलं आणि झटकन हात मागे घेतला. गणपतीपासून तिने या झाडाला पाण्याचा थेंब घातला नव्हता. प्रणितसाहेबांनीच तसं सांगितलं होतं. कुंडी विकायची होती. झाड वाळलं की उपटायला बरं.

कुंडी फ्रान्सची, फार जुनी. निरनिराळ्या रंगांच्या लाकडाचे तुकडे बसवून चारी अंगांना फुलांच्या वेली केलेल्या. कडांना सोन्याचं पाणी दिलेली पितळी नक्षी, कोपऱ्यांवर बायकांचे मुखडे. आत जस्ताचा डबा, त्यात नेच्याचं झाड. कर्णिकबाई दिवेलागणीला त्याला स्वतः पाणी घालायच्या आणि लाकडावर थेंब सांडला तर पदराने टिपायच्या.

किन्हवलीबाहेर, मुरबाडच्या रस्त्याला या घरात बाई एकट्या राहायच्या. तानी पाड्यावरून कामाला यायची. तिचं बाळंतपण अडलं तेव्हा बाईंनीच गाडी काढून तिला शहापूरला पोचवलं होतं.

पावसाळ्यात बाईंना ताप आला. पुतण्या प्रणित येऊन त्यांना ठाण्याला घेऊन गेला. पुढे त्याचा फोन आला, बाई गेल्या, सगळं तिकडेच उरकलं. तानी दोन दिवस जेवली नाही. पुढच्या दाराची किल्ली तिच्याकडे होती. मागच्या दाराची बाईंबरोबरच गेली.

आणि आता ही ओली माती.

"मांजर मुतलं असंल," तिचा नवरा लडकू म्हणाला.

"मांजर पितळ पुसतं काय रे? मुखडे कसे लखलखतात, बघ जा."

लडकू काही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी तानीला निघायला उशीर झाला. ओटीवरून उतरताना तिने सहज काचेतून आत पाहिलं. कुंडीपाशी कुणीतरी वाकलं होतं. पांढरे मोकळे केस, फिकट साडी. पदराने लाकूड टिपत होतं.

तानी पाड्यापर्यंत धावत आली. चपला ओटीवरच राहिल्या.

"जीव अडकलाय गो तिचा," शेजारची अंबूबाई म्हणाली. "आवडीचं ठेव. आन हाक मारली तर ओ देऊ नको. ओ दिली का माणूस जातंच तिच्या मागं."

तानीने कुंडीजवळ भाकरी आणि वालाचं बिरडं ठेवलं. सकाळी ताट रिकामं होतं. लडकूने पुन्हा मांजराचं नाव घेतलं, पण या वेळी हळू आवाजात.

त्या संध्याकाळी ती ओटी झाडत असताना आतून हाक आली.

"तानी…"

आवाज बाईंचाच. थकलेला, दबका. तानीने तोंडात पदर कोंबला.

"तानी, अगं, आहेस ना?"

ओ देण्यासाठी जीव तुटत होता. ती डोळे मिटून उभी राहिली. मग पळत सुटली आणि रस्त्यावर आल्यावर तिने प्रणितला फोन लावला.

"साहेब, बाईंना मुक्ती मिळाली नाय. घरात फिरतात. काहीतरी शांती करा."

तानीला वाटलं, साहेब आता हसणार.

"तू स्वतः पाहिलंस?" प्रणितने विचारलं.

"कुंडीपाशी. हाक पण मारली मला."

"तू बोललीस?"

"नाय साहेब."

"शाबास. दोन्ही दारांना बाहेरून कड्या घाल. कुणाला बोलू नकोस. मी माणसं घेऊन येतो."

तानीला धीर आला. साहेबांनी खरं मानलं होतं. ती परत गेली आणि तिने दोन्ही कड्या घातल्या.

सकाळी मागच्या खिडक्यांना जाळी असलेली गाडी आली. प्रणितबरोबर पांढऱ्या कपड्यांतली दोन माणसं होती. गंभीर, कमी बोलणारी. तानीने नारळ, हळद-कुंकू तयार ठेवलं होतं.

"हे लागंल ना?"

"नको. तू बाहेर थांब," प्रणित म्हणाला.

आत काहीतरी आपटलं. झारी असावी. मग एक बारीक किंकाळी आली. तानीने डोळे गच्च मिटले आणि हात जोडले. "बाई, सुखानं जा आता. आमच्यात अडकू नका."

दार उघडलं. पावलं ओटीवर आली आणि तिच्यापाशी थांबली. कुणीतरी तिचं मनगट धरलं.

"तानी, यांना तू बोलावलंस?"

हात गरम होता.