भिंतीपलीकडच्या गोगलगायी

माजिवड्याच्या आमच्या गावठाणात मुठीएवढ्या आफ्रिकन गोगलगायींनी नुसता उच्छाद मांडलाय. माझं अळू रातोरात फस्त! मीठ टाकून मारायचा मला धीर होत नाही, म्हणून रोज सकाळी मी त्या बादलीत गोळा करते आणि भिंतीपलीकडे धाकट्या भावाच्या, ट्रेव्हरच्या वाडीत फेकते. तो एकटाच राहतो. वाटणीत ही भिंत उभी राहिली तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.

संध्याकाळपर्यंत सगळ्या परत माझ्या अंगणात! एकदा मुद्दाम त्यांच्या शंखांवर चुन्याचे ठिपके दिले. त्याही तासाभरात आल्या, ठिपक्यांसकट. म्हणजे साहेबच फेकतात.

काल मात्र एकही परत आली नाही. म्हटलं, जिरली एकदाची.

आज सकाळीही अंगण मोकळंच होतं. मग मला राहवेना. जाऊन त्याचं दार वाजवलं, तर आतून नुसतं कण्हणं ऐकू आलं. शेजाऱ्यांना हाका मारून दार तोडलं.

बाथरूममध्ये पाय मोडून पडलेला ट्रेव्हर माझ्याकडे बघून कसाबसा म्हणाला,

"बाय, तुझ्या कालच्या परत करायच्या राहिल्या गं."