पाण्यापल्याड

पोत्यातली मांजर अर्ध्या खाडीपर्यंत ओरडली आणि मग गप्प झाली. कान्हूने वल्हं थांबवून पोत्यावर हात ठेवला. "झालं गो बाय, आला काठ." ही अकरावी. शेवटची.

मीठ पिकवणं बंद झालं तशी मिठागरावरची बिऱ्हाडं पेणला उठून गेली. मांजरं मागे राहिली, वाढली, रानटी झाली. मागे राहिलेला माणूस एकच, राखणदार कान्हू, आणि त्याची बायको हौसा. मिठागराच्या बांधावर शेकाटे अंडी घालत, लाल काड्यांसारख्या लांब पायांचे पक्षी. कान्हूच्या तरुणपणी त्या दिवसांत बांधावर पाऊल टाकायला जागा नसे. यंदा वैशाखात सात घरटी झाली. सहा मांजरांनी साफ केली. उरलं एक, चार अंड्यांचं. कान्हू रोज सकाळी लांबूनच त्याला हात जोडी.

रोह्याहून पक्षी मोजायला येणाऱ्या कमळाकरने माघातच पिंजरे आणले होते. मांजरं धरायची, पेणला दवाखान्यात त्यांची ऑपरेशनं करून घ्यायची, मग पाळणारं कोणी बघायचं. कान्हूने पिंजरे गाडीतून उतरूच दिले नाहीत. त्याचा जन्म कीर्तनात टाळ धरण्यात गेला होता. बुवांनी भूतदयेचं निरूपण लावलं की त्याचे डोळे वाहायला लागत.

"मुक्या जिवाची कूस कापायची? माज्याच्यानं नाय व्हायचं," तो म्हणाला. "पाणी आडवं आलं की मांजर परत येत नाय. खाडीपल्याड नेऊन सोडतो. रक्त नाय, पाप नाय."

"काका, पल्याड गेली तरी ती मांजरच राहणार," कमळाकर म्हणाला आणि पिंजरे घेऊन गेला.

त्याच आठवड्यात पहिली गेली ती कानतुटकी. अंगाने जड झालेली, पोटुशी. वाटभर कान्हूने तिला सुकट भरवली. हौसा दारातून हसली, "जावयाला पोचवायला कदी एवढ्या लांब गेला नाय तुम्ही." पलीकडच्या गावात तेव्हा सप्ता चालू होता. कीर्तन संपल्यावर कान्हू टाळ घेऊन उभा राहिला आणि मांजराला न मारता पाण्यापल्याड कसं सोडावं ते त्याने सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. बुवांनी आपल्या गळ्यातला हार काढून त्याच्या गळ्यात घातला. तो हार अजून घरात खुंटीला होता, वाळलेला.

अकरावी सोडून आला त्या रात्री कान्हूला गाढ झोप लागली.

सकाळी तो बांधावर गेला. शेकाट्याची मादी अंड्यांवर बसली होती. त्याने हात जोडले, आणि तेवढ्यात धक्क्याला होडी लागली. पल्याडचा हिरामण उतरला. सप्त्यात तो कान्हूच्या शेजारीच बसला होता. त्याच्या दोन्ही हातांत पोती होती.

"रामकृष्ण हरी, कान्हूबुवा. आमच्याकडं लय झाली होती. कोंबडीचं पिल्लू ठेवीनात. पोरं दगड घेऊन निघाली, मीच आडवा झालो. म्हटलं, तुम्ही सप्त्यात सांगितलंय तसंच करायचं."

कान्हूने हात वर केला, तोंडातून शब्द निघायच्या आत हिरामणने पोत्यांची तोंडं सोडली. आधी कानतुटकी बाहेर आली. तिच्यामागे तिची तीन पिल्लं, त्यांच्यामागे दुसरी, तिसरी. कानतुटकीने जमीन हुंगली. मग ओळखीच्या माणसाजवळ येऊन ती कान्हूच्या पायाला अंग घासू लागली. बाकीची बांधाने पुढे निघाली होती.

शेकाट्याची मादी अंड्यांवरून उठली. डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली.

"अजून दोन खेपा हायत," हिरामण म्हणाला, आणि त्याने वाकून कान्हूच्या पायांना हात लावला. "पर बुवा, एका बी जिवाला धक्का लागू दिला नाय."