मामा चुकला

चाचणीत जीवशास्त्रात आपटलेली भाची परीक्षा उद्यावर आली तरी पुस्तकाला हात लावेना. ताईने हात टेकले. "माझ्यावर सोड," म्हणत प्लंबर मामाने ताईकडे बघून डोळे मिचकावले आणि सिंकखालूनच गंभीरपणे सुरुवात केली, "टाकी एक, तसं मूत्रपिंडही एकच."

"मामा, दोन असतात!"

"बरं बाई. पण अन्न पचतं ते फुफ्फुसातच."

"काहीही काय!" भाची पुस्तक घेऊन तावातावाने भांडायलाच बसली. मामा चुकत गेला, ती पानं उलटून पुरावे फेकत गेली. शेवटचा धडा संपला तेव्हा मामा मनातल्या मनात नाचत होता.

पुस्तक मिटत भाची म्हणाली, "मामा, परवा रसायनशास्त्र आहे. त्यात मी फारच कच्ची आहे, तेव्हा तुला जरा जास्तच चुकावं लागेल हं!"